‘अपघातच होता’ म्हणून हिशेब संपत नाही

मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरी पाळीव प्राण्याला इजा झाली, की प्रकरण मिटवण्यासाठी एक वाक्य हमखास पुढे येते: अपघातच तो, त्यात कोणाचा काय दोष! वाक्य सौजन्याचे आहे. रडकुंडीला आलेल्या मालकाला धीर देण्यासाठी कोणी ते उच्चारले तर हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती ते निकालपत्रासारखे वापरण्याला. अपघात होता, म्हणजे इजा करण्याचा हेतू नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होते. प्राणी त्या वेळी कोणाच्या ताब्यात होता, धोका कोणाला ठाऊक होता, ठाऊक असलेले त्याने वेळेवर सांगितले का आणि दवाखान्याचे बिल कोणी भरायचे, हे प्रश्न हेतू नसतानाही जिथल्या तिथे राहतात. तिसऱ्या मजल्यावरून मांजर कोणी ढकलून देत नाही. ते कठड्यावरून कबुतरावर झेप घेते आणि पडते. पण बाल्कनीचे दार कोणीतरी उघडे ठेवलेले असते, आणि तिथे जाळी बसवलेली नाही हे कोणाला तरी माहीत असते.

हेतू नव्हता, या म्हणण्याला फौजदारी कायद्यात पुरेपूर किंमत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणे, विष घालणे, जायबंदी किंवा निकामी करणे याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत यासाठी ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमे होती, आणि त्यांत जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये असा हिशेब होता. तो आता गेला. पण गुन्ह्याचा गाभा तोच राहिला आहे. नुकसान करण्याचा इरादा, किंवा आपल्या कृत्याने नुकसान होणार याची जाणीव, यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावे लागते. दुचाकीखाली येऊन कुत्रा मेल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुचाकीस्वारावरचा गुन्हा रद्द केला. बेदरकार वाहन चालवून माणसाला इजा पोहोचवण्याची कलमे कुत्र्याच्या मृत्यूला लावता येत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन ‘मित्रावर गुन्हा नोंदवा’ म्हणणाऱ्या मालकाची बाजू लंगडीच आहे.

गुन्हा नाही म्हणजे जबाबदारीही नाही, ही मात्र उडी झाली. आणि ‘अपघातच तो’ म्हणणारे नेमकी हीच उडी मारतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘मालक’ या संज्ञेत, प्राणी त्या वेळी ज्याच्या ताब्यात आहे तो माणूसही धरला आहे. त्याच कायद्याचे कलम ३ सांगते, की प्राण्याचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्याने त्याचे हित राखण्यासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत यासाठी वाजवी ते सर्व करायचे. चार दिवसांसाठी कुत्रा ठेवून घेतलेला मित्र त्या चार दिवसांपुरता तिऱ्हाईत उरत नाही.

दिवाणी बाजूचा पाया याहून जुना आहे: १८७२ चा भारतीय करार कायदा. ठरावीक हेतूने आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि हेतू पुरा झाला की परत घ्यायची, या व्यवहाराला त्यात बेलमेंट म्हणतात; कलम १४८ पासून पुढे त्याचे नियम आहेत. वस्तू हा शब्द कुत्र्यामांजरांच्या मालकांना झोंबतो, आणि झोंबावाच. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पेट्या आणि पिंपांइतकीच जनावरेही होती, हे कलमांखालच्या उदाहरणांवरून दिसते. नाठाळ घोडा, तो नाठाळ आहे हे न सांगता उसना दिला आणि त्याने स्वाराला पाडले, तर भरपाई घोड्याच्या मालकाने द्यायची (कलम १५०). सांभाळायला ठेवलेली गाय व्याली, तर गायीबरोबर वासरूही परत करायचे (कलम १६३). बनारसला जायचे सांगून कलकत्त्यात भाड्याने घेतलेला घोडा कटकच्या वाटेला लावला आणि तो पडून जखमी झाला, तर स्वाराने कितीही जपून चालवलेला असो, भरपाई त्याच्याच गळ्यात (कलम १५४). दीडशे वर्षांपूर्वीच्या या घोड्यांना आजच्या फ्लॅटमध्येही बरेच काम आहे.

‘पैसे घेतले नव्हते, उपकार म्हणून ठेवून घेतला होता,’ हा बचाव सर्वांत जास्त ऐकू येतो. इंग्लंडमध्ये १७०३ च्या कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड या खटल्यात न्यायमूर्ती होल्ट यांनी ताब्याचे प्रकार पाडून प्रत्येकाला काळजीची वेगळी पायरी ठरवून दिली. फुकट ठेव सांभाळणाऱ्याची पायरी त्यात सर्वांत खालची होती. भारतीय कायद्याने ही उतरंड घेतली नाही. कलम १५१ सर्व प्रकारच्या बेलमेंटला एकच माप लावते: साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी. मोबदला घेतला की नाही, याने माप बदलत नाही. उपकाराचा मुद्दा अगदीच फोल आहे असे नाही. जर्मन नागरी संहितेच्या कलम ६९० प्रमाणे विनामोबदला सांभाळणाऱ्याकडून तो स्वतःच्या बाबतीत घेतो तेवढ्याच काळजीची अपेक्षा आहे. स्वभावाने वेंधळा असेल तर त्या वेंधळेपणाची थोडी सूट त्याला मिळते. ती उदारता समजण्यासारखी आहे. पण ज्याला आपला वेंधळेपणा माहीत आहे त्याने दुसऱ्याचा जीव सांभाळायला घेऊ नये, हे भारतीय कायद्याचे धोरण अधिक बरे वाटते. शिवाय कलम १५२ त्याच्या पाठीशी आहेच: योग्य ती काळजी घेऊनही नुकसान झाले, तर सांभाळणारा जबाबदार नाही. त्याच्याकडून काळजी मागितली आहे, हमी नाही. ‘शुक्रवारी आणून सोडतो, सोमवारी नेतो,’ हा फोनवरचा शब्द न्यायालयात कितपत शाबीत होईल हा पुराव्याचा प्रश्न झाला. दोन घरांमध्ये तो शब्द झालेला असतो, एवढे पुरे.

ताबा हा शब्द इथे कळीचा आहे, आणि तो आधुनिक वकिलांनी शोधून काढलेला नाही. बायबलमधील निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात उसन्या नेलेल्या जनावराचा नियम आहे: जनावर जायबंदी झाले किंवा मेले आणि त्या वेळी मालक जवळ नसेल, तर नेणाऱ्याने भरपाई करावी, मालक जवळ असेल तर करू नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, मालक आणि गुराखी यांच्या तंट्याच्या प्रकरणात, दिवसा जबाबदारी गुराख्याची आणि रात्री गुरे मालकाच्या गोठ्यात असतील तर मालकाची, अशी वाटणी केलेली आहे. गुराख्याने हातपाय न हलवल्यामुळे जनावर कुत्र्यांनी मारले किंवा खड्ड्यात पडून मेले, तर भरपाई त्याने द्यायची. चोरांनी उघडपणे लुटून नेले असेल तर सूट आहे, पण एका अटीवर: त्याने ते मालकाला योग्य वेळी, योग्य ठिकाणी सांगितलेले असले पाहिजे. (या ग्रंथाने माणसांच्या उतरंडीसाठी जे लिहिले त्याची महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी होळी झाली ती योग्यच झाली. गुराख्याचे हे प्रकरण पाहायचे ते तंटा किती जुना आहे हे कळण्यापुरते.) मालक जवळ होता का, आणि सांभाळणाऱ्याने वेळेवर सांगितले का: इतक्या दूरच्या दोन परंपरांनी हेच दोन प्रश्न पकडले, यात नवल नाही. गुरे राखणाऱ्या समाजांना अनुभवाने जे कळले होते ते दिवाणखान्यात कुत्रा बाळगणाऱ्यांना नव्याने शिकावे लागते आहे, इतकेच.

मालक जवळ असणे याने बराच फरक पडतो. कुत्र्याला घेऊन संध्याकाळी चहाला आलेला पाहुणा कुत्र्याचा ताबा यजमानाला देत नाही. पट्टा त्याच्या हातात असतो, किंवा त्याने तो सोडलेला असतो. अशा वेळी ‘तुमच्या घरात झाले, तुम्ही भरा’ ही मालकाची मागणी ‘अपघातच तो’ इतकीच चुकीची आहे. घर यजमानाचे, म्हणून घरात घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा धनी तो, असे मानायला आधार नाही. टीपॉयवरच्या ताटलीतले चॉकलेट कुत्र्याने पळवले तर प्रश्न प्रथम मालकाला: शेजारी बसून तुमचे लक्ष कुठे होते?

तरीही यजमान पूर्ण सुटत नाही. प्राण्याची माहिती मालकाकडे असते आणि घराची माहिती यजमानाकडे. जबाबदारीची वाटणी या रेषेवर केली, तर बहुतेक भांडणांचा निकाल भांडणाऱ्यांनाच लावता येईल. फ्रीजच्या मागे उंदरांसाठी ठेवलेली वडी पाहुण्याला दिसत नाही. ती यजमानाने ठेवलेली असते आणि कुत्रा दारात पाऊल टाकतो तेव्हा ती आठवण्याचे काम त्याचेच आहे. गच्चीच्या कठड्याचा एक बार सुटलेला आहे, फाटकाची कडी अडकल्यासारखी दिसते पण लागत नाही, शेजारचा राखणीचा कुत्रा रात्री मोकळा सोडतात: ही सारी घराची माहिती. उलट, हा कुत्रा मोजे गिळतो, त्याला फिट येते, सकाळी अर्धी गोळी द्यावी लागते, पक्षी दिसला की हे मांजर उंचीचे भान विसरते, ही प्राण्याची माहिती. ती न सांगता प्राणी सोडून जाणारा मालक कलम १५० मधल्या नाठाळ घोड्याच्या मालकाच्या रांगेत बसतो.

काय खाल्ल्याने बाधते, हे ज्ञानही याच रेषेने वाटून घ्यावे लागते, कारण स्वयंपाकघरातले बहुतेक धोके माणसाला धोके वाटतच नाहीत. चॉकलेटमधले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅमला उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते, ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. गडद चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण ५ मिलिग्रॅम थिओब्रोमिन धरले, तर पाच किलोच्या पॉमेरेनियनला वीस ग्रॅमचा तुकडा आजारी पाडायला पुरतो. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असते. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. शुगर-फ्री च्युइंगगममधले झायलिटॉल कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने खाली आणते. मांजराच्या बाबतीत लिलीची फुले सर्वांत वाईट: अंगावर पडलेला पराग चाटला तरी मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

आता वाटणी पाहावी. कुत्रा पाळणाऱ्याला चॉकलेट आणि मनुका ठाऊक असल्या पाहिजेत. मांजर पाळणाऱ्याला लिली. कधीही प्राणी न पाळलेल्या मित्राने वाढदिवसाचा गुच्छ फुलदाणीत ठेवला आणि मालकाने काहीच बजावलेले नसेल, तर त्या मित्राला दोष देणे हा अन्याय आहे. पण जाताना मालक सांगून गेला, की याला गोड काही देऊ नका, आणि तरी आजीने शिऱ्याचा घास घातला, कारण प्रसादाला नाही कसे म्हणायचे, तर तो अपघात राहत नाही. सांगितलेले न ऐकणे याला निष्काळजीपणा म्हणतात, मग घास कितीही मायेने भरवलेला असो.

मायेने केलेल्या नुकसानाला आपल्याकडे फार लवकर माफी मिळते. मांजर मलूल दिसले म्हणून पॅरासिटामॉलची गोळी चुरून दुधात घातली जाते. हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी प्राणघातक ठरू शकते. हेतू चांगला होता, काळजीही होती, फक्त मालकाला एक फोन करायचा राहिला. फार्महाऊसचेही तसेच. ‘घरातच ठेव, खाली फक्त दोरीने फिरव,’ एवढे ठरलेले असताना शनिवारी कुत्र्याला गाडीत घालून मुळशीला नेले, शेतात मोकळे सोडले आणि साप चावला. सापाचा दोष नाही, मित्राने हाकाही मारल्या असतील. पण घोडा बनारसला जायचा होता आणि कटकला गेला. ठरल्याबाहेर केलेल्या गोष्टीची जोखीम करणाऱ्याची, हे तत्त्व इथे अक्षरशः लागू पडते.

गणेशोत्सवात या सगळ्याची परीक्षा होते. एक कुटुंब कोकणात गावी जाते आणि कुत्रा पुण्या-मुंबईतल्या मित्राकडे सोडते. मित्राच्या घरीही गणपती असतो. पाच दिवस दार उघडे, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आरतीला वीस माणसे, झांजांचा आवाज, खाली ढोल-ताशाचा सराव. दुसऱ्या संध्याकाळी फटाक्यांची माळ लागते आणि कुत्रा माणसांच्या पायांतून वाट काढत जिना उतरून जातो. सापडतो तेव्हा मागचा पाय गाडीखाली आलेला असतो. दार उघडे राहणार हे यजमानाला भाद्रपद उजाडण्याआधीच ठाऊक होते. आतल्या खोलीत कडी लावून ठेवणे किंवा ‘या दिवसांत जमणार नाही’ म्हणणे, दोन्ही त्याच्या हातात होते. मात्र कुत्रा फटाक्यांना घाबरून पळतो हे मालकाने सांगितलेले नसेल, आणि गळपट्ट्यावर फोन नंबरही नसेल, तर त्यालाही बिलातला वाटा उचलावा लागेल. निम्मा-निम्मा की सत्तर-तीस, यावर वाद घालायला जागा आहे. दोघांपैकी एकाने शून्य म्हणायला नाही.

अशा प्रसंगी तिसरे बोट हटकून घरकामाला येणाऱ्या मावशींकडे वळते: दार त्यांनी उघडे टाकले, वडी त्यांनी सरकवली, फिनाइलची बादली त्यांनी खाली ठेवली. हा बचाव कायद्याने दुबळा आहे आणि माणुसकीच्या दृष्टीने हलका. कुत्रा मावशींच्या ताब्यात दिलेला नव्हता. ज्याने ठेवून घेतला त्याने घरातल्या प्रत्येकाला सांगायचे असते, मुलांनाही. महिन्याच्या पगारातून दवाखान्याचे बिल कापण्याची भाषा करणाऱ्याने मैत्रीच्या गप्पा मारू नयेत. मुलाने फाटक उघडले तर ‘लहान आहे, कळत नाही’ म्हणून सगळे थांबतात. तेच मावशींच्या वाट्याला येत नाही.

दोन्ही घरांतले प्राणी एकमेकांना भिडले, तर मामला तुलनेने सोपा असतो. आपल्या हद्दीतला कुत्रा पाहुण्या कुत्र्याला सहज स्वीकारत नाही, हे पाळणाऱ्याला माहीत असायला हवे. पहिली भेट घराबाहेर, दोघे दोरीने बांधलेले असताना घडवणे हा यजमानाचा विचार. ‘आमचा काही करत नाही’ असे सांगून जो आपला प्राणी मोकळा सोडतो, त्याने त्या वाक्याची किंमत मोजावी.

इथवर जे झाले ते नुकसान होण्याआधीचे. ‘अपघातच तो’ या वाक्याचा खरा अपराध नंतर घडतो, कारण त्याच्या आडोशाला गप्प बसता येते. उंदरांच्या औषधाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. बाजारात मिळणाऱ्या वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडिओलोन असते, ०.००५ टक्के. ते शरीरातल्या के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर थांबवते, आणि त्याविना रक्त गोठवणारे घटक नव्याने बनत नाहीत. आधी बनलेले घटक मात्र काही दिवस पुरतात, म्हणून लगेच काही दिसत नाही. रविवारी दुपारी कुत्र्याने वडी कुरतडली. यजमानाला कोपऱ्यात अर्धी वडी आणि दातांच्या खुणा दिसल्या. उरलेली त्याने कचऱ्यात टाकली. संध्याकाळी मालक आला तेव्हा कुत्रा शेपटी हलवत होता, व्यवस्थित जेवला होता. उगाच कशाला घाबरवा, म्हणून यजमान काही बोलला नाही. बुधवारी हिरड्यांतून रक्त येऊ लागते, कुत्रा धापा टाकतो, छातीत रक्त साठलेले असते. रविवारी दोन तासांच्या आत पशुवैद्याकडे नेले असते तर उलटी करवून आणि नंतर काही आठवडे के-१ च्या गोळ्या देऊन बहुधा भागले असते. बुधवारी रक्त चढवण्यापासून सुरुवात होते, आणि तोवर विष कोणते हेही कोणाला ठाऊक नसते.

ते ठाऊक असणे किती महत्त्वाचे, हे दुसऱ्या एका पुडीवरून कळते. झिंक फॉस्फाइड नावाची काळसर पूडही उंदरांसाठीच वापरतात. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फिन वायू तयार होतो आणि काही तासांत प्राणी दगावू शकतो. तिच्यावर के जीवनसत्त्वाचा उपयोग नाही. अशा प्राण्याला खायला घातले तर आम्ल वाढून विष अधिक भिनते, आणि त्याच्या उलटीतून निघणारा वायू खोलीतल्या माणसांनाही बाधतो. दोन्ही वस्तू घरोघरी ‘उंदराचे औषध’ या एकाच नावाने ओळखल्या जातात. पशुवैद्याला हवा असतो तो पुडीचा कागद. तो कचऱ्याच्या पिशवीतून घंटागाडीत गेला, की उपचार अंदाजाने चालतात.

रविवारी जे घडले तो अपघात होता, असे फार तर म्हणता येईल. रविवार संध्याकाळचे मौन हा अपघात नव्हता. ते समजून-उमजून केलेले कृत्य होते, आणि बुधवारच्या अवस्थेला वडीपेक्षा ते अधिक कारणीभूत आहे. गुराख्याला सूट मिळे ती वेळेवर सांगितल्यावरच. म्हणून जबाबदारी मोजताना घटना कशी घडली याच्या बरोबरीने यजमानाने पहिला फोन कधी केला हे विचारले पाहिजे. लाज वाटणे स्वाभाविक आहे. पण तिच्यासाठी लागलेला वेळ कुत्र्याच्या आयुष्यातून वजा होतो. फोन लागण्याआधी मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यासारखे मोबाइलवर फिरणारे उपायही करू नयेत. जास्त मिठानेच कुत्रे दगावू शकते.

पैशाच्या बाबतीत दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘जनावरच ते, तसलेच दुसरे पिल्लू आणून देतो.’ नुकसानभरपाई बाजारभावाने मोजण्याची रूढ रीत याच मताकडे झुकते, आणि तिथेच ती हास्यास्पद ठरते: रस्त्यावरून उचलून आणलेल्या, बारा वर्षे घरात वाढलेल्या देशी कुत्र्याचा बाजारभाव शून्य रुपये. जर्मनीने १९९० मध्ये प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत असे नागरी संहितेत लिहिले, आणि जखमी प्राण्याच्या उपचाराचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा बराच जास्त आहे एवढ्याच कारणाने तो अवाजवी ठरत नाही, अशी तरतूद केली. मित्रांमधल्या हिशेबालाही हेच माप योग्य आहे. पिल्लाच्या किमतीची चर्चा नको, पशुवैद्याने आवश्यक म्हटलेल्या उपचाराचा खर्च हा हिशेबाचा पाया. दुसरे टोक म्हणते, ‘मानसिक त्रासाचे काय?’ त्रास खरा आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २००० मध्ये त्यासाठीही भरपाई मान्य केली, पण चार हजार डॉलरच्या मर्यादेत. मित्राकडून त्याची वसुली करू पाहणाऱ्याने मित्र आणि प्रतिवादी यांतला एक पर्याय आधी निवडावा. आणि सांभाळकाळात प्राणी आपणहून आजारी पडला, कोणाचीही चूक नसताना, तर कलम १५८ सरळ आहे: विनामोबदला सांभाळणाऱ्याने केलेला आवश्यक खर्च मालकाने परत करायचा. हे बिल पुढे करायला यजमानाने संकोचू नये.

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. इतका काटेकोर हिशेब ठेवला तर उद्या कोणी कोणाचे कुत्रे ठेवून घेणार नाही. मैत्रीत कलमे आणली की मैत्री संपते. पण हिशेब टाळल्याने तो नाहीसा होत नाही, फक्त तोंडी न येता मनात चालू राहतो. मालक बिल भरतो, काही बोलत नाही, आणि पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचा राहून जातो. यजमानाने न मागता ‘निम्मे मी देतो’ म्हटले आणि मालकाने ‘राहू दे’ म्हटले, तर पैसे एकाच्याच खिशातून गेले तरी दोघांचे समाधान होते. तेच ‘राहू दे’ यजमानाने स्वतःच म्हटले तर नाही. शिवाय अपेक्षा साधारण शहाणपणाची आहे. जो तेवढ्यालाही तयार नाही, त्याने नकार दिला तर प्राण्याचे कल्याणच होईल. त्या दिवसांत पैसे देऊन बोर्डिंगमध्ये ठेवावे लागेल. तिथे काही घडले तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग खुला असतो, आणि तो वापरताना कोणाचे घर तुटत नाही.

प्राणी मेला आणि कारणाबद्दल दुमत असेल, तर भांडणाआधी शवविच्छेदन व्हायला हवे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांमध्ये विकृतिशास्त्राचे विभाग असतात. मृतदेह तिथे पोहोचेपर्यंत थंड ठेवावा, पण गोठवू नये. बर्फ झालेल्या पेशींची तपासणी नीट होत नाही. विषाचा संशय असेल तर उलटीचा नमुना, वेष्टन आणि उरलेले अन्न सोबत द्यावे लागते. जुन्या गुराख्यालाही मेलेल्या जनावराचे कान, कातडे असे अवयव मालकापुढे ठेवावे लागत, ते याच कारणासाठी: मृत्यू कसा आला याचा पुरावा सांभाळणाऱ्याने द्यायचा. म्हणून मालक परगावी असला तरी ‘वास सुटेल’ म्हणून यजमानाने परस्पर पुरून टाकणे, किंवा महापालिकेच्या गाडीत देऊन मोकळे होणे योग्य नाही. मृतदेहाचे काय करायचे हा निर्णय मालकाचा, आणि तो फोनवर घेता येतो.